दिलेल्या अक्षरांतून लांब इंग्रजी शब्द कसा शोधायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडला आमच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी पंधरा-वीस मुलं जमतात. मी फळ्यावर काही इंग्रजी अक्षरं लिहिते आणि ती सगळी ज्यात येतात असा जास्तीत जास्त लांब शब्द मुलं शोधतात. खेळ एवढाच. पण मुलांचे आईवडील, शेजारचे आजोबा, इंजिनिअरिंगला गेलेले जुने विद्यार्थी सगळेच तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते. खेळताना आम्ही अक्षरं मोठ्यानं म्हणतो, तशीच ती इथे लिहिली आहेत: एन, ए, एस. वाचताना शेजारी कागद-पेन्सिल घ्या, शब्द इंग्रजीत लिहा आणि एकेका अक्षरावर खूण करत चला. नुसतं डोळ्यांनी वाचून यातली गंमत कळणार नाही.

हा खेळ सुचला कुठून?

गाड्यांच्या नंबर प्लेटवरून. मुंबई नाक्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली की समोर एमएच १५ च्या गाड्यांची रांग. एमएच म्हणजे महाराष्ट्र, १५ म्हणजे नाशिक आणि त्यापुढे दोन अक्षरांची मालिका. माझी लेक तेव्हा सहावीत होती. एका स्कूटरवर एम-एच-सी-एन दिसलं आणि तिनं विचारलं, "आई, या चारही अक्षरांचा शब्द सांग." मी म्हटलं मशीन. ती म्हणाली, "याच क्रमानं पाहिजे." सिग्नल सुटला, घर आलं, तरी मला सापडेना. रात्री भांडी आवरताना सापडला: मॅथमॅटिशियन. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात प्रत्येक गाडी हा एक प्रश्न झाला.

'अक्षरं असलेला शब्द' म्हणजे नेमकं काय? क्रम पाळायचा का?

हे आधी ठरवलं नाही तर भांडण होतं, म्हणून खेळण्याआधी मोठ्यानं जाहीर करा. याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींची अवघडपणाची पातळी फार वेगळी आहे.

पहिल्यात अक्षरं कुठेही, कशीही आली तरी चालतात. वरच्या चार अक्षरांना मशीन चालतो: एम-ए-सी-एच-आय-एन-ई. मर्चंडाइजही चालतो, मेकॅनिझमही.

दुसऱ्यात क्रम पाळायचा, पण मध्ये इतर अक्षरं आली तरी हरकत नाही. इथे मशीन बाद होतो, कारण त्यात सी आधी येतो आणि एच नंतर. मॅथमॅटिशियन मात्र बसतो: एम, मग ए-टी, मग एच, पुढे ई-एम-ए-टी-आय, मग सी, मग आय-ए आणि शेवटी एन. तेरा अक्षरांचा शब्द, पहिल्या आणि शेवटच्या अक्षरासकट.

तिसऱ्यात अक्षरं एकमेकांना चिकटूनच यायला हवीत. हा प्रकार मला स्वतःला सगळ्यांत आवडतो, कारण यात शब्दाच्या आतली शिवण दिसते. डब्ल्यू-के-डब्ल्यू असं एकत्र कशात येईल? ऑकवर्डमध्ये. जी-एन-टी? सॉव्हरिन्टी, म्हणजे सार्वभौमत्व; त्यातला जी ऐकूच येत नाही. आणि वर्णमालेच्या शेपटाची एक्स-वाय-झेड ही तीन अक्षरं सलग हवी असतील, तर खाज आणि अ‍ॅलर्जीवर देतात त्या हायड्रॉक्सिझिन या औषधाच्या नावात ती आहेत. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या एका काकांनी ते सांगितलं होतं. तोवर आम्ही पोरं-मोठे सगळे हात टेकून बसलो होतो.

'फक्त दिलेल्याच अक्षरांचा शब्द करा' हा खेळ वेगळा. स्क्रॅबलमध्ये हातातल्या सात सोंगट्यांचा शब्द करतात तो त्याच्या जवळचा. आमच्या खेळात बाहेरची अक्षरं हवी तेवढी घ्या, दिलेलं एकही सोडू नका.

एखादं अक्षर दोनदा दिलं असेल तर शब्दातही दोनदा यायला हवं का?

आमच्याकडे हो. गोदावरीचं इंग्रजी स्पेलिंग घ्या: जी-ओ-डी-ए-व्ही-ए-आर-आय. यात ए दोनदा आहे. एक ए पुरे म्हटलं तर व्हिडिओग्राफी चालतो, ओव्हरलोडिंगही चालतो. दोन हवेत म्हटलं की दोन्ही गळतात आणि मुलं एकदम गप्प होतात. कार्डिओव्हॅस्क्युलर जवळ येतो, त्यात ए तीन आहेत, पण जी नाही. शेवटी मिळालेला शब्द होता रेडिओनॅव्हिगेशन, म्हणजे रेडिओलहरींच्या आधारानं जहाज-विमानांना दिशा दाखवणं. पंधरा अक्षरं, ए तीन, आणि गोदावरीतलं एकही अक्षर सुटत नाही. तो सापडला तेव्हा पलीकडच्या गच्चीवरून काय झालं म्हणून विचारायला लोक आले होते.

सुरुवात कुठून करायची? मी अक्षरं नुसती उलटसुलट करत बसतो आणि काहीच सुचत नाही.

उलटसुलट करणं सोडा. सहा अक्षरं ७२० प्रकारे मांडता येतात आणि त्यातली बहुतेक मांडणी म्हणजे निव्वळ खडखडाट. शब्द असा सापडत नाही. लांब इंग्रजी शब्द तुकड्यातुकड्यांनी जोडलेला असतो. आपल्याला तुकडा ओळखायचा आहे.

आमच्या गावाचंच नाव घेऊ: एन-ए-एस-एच-आय-के. ही सहा अक्षरं आम्ही प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी देतो.

आधी बघा, यातलं सर्वांत दुर्मीळ अक्षर कोणतं. के. एन, ए, एस, आय ही इंग्रजीत पैशाला पासरी, एचही बऱ्यापैकी. के मात्र मोजक्या ठिकाणी बसतो. म्हणजे पाच अक्षरं एका तुकड्यात एकत्र मिळाली तर के कुठल्याही छोट्या शब्दातून आणता येईल. असा तुकडा आहे का?

सातपूरहून येणारी आठवीतली एक मुलगी, मराठी माध्यमाची, पहिल्यांदाच आली होती. तिनं अक्षरं ओळीत लिहिली नाहीत. गोलात लिहिली आणि के मध्यभागी ठेवला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण युक्ती अगदी खरी आहे: ओळीत लिहिलं की डोळा डावीकडून उजवीकडे तोच निरर्थक शब्द वाचत राहतो, गोलात लिहिलं की ती सवय मोडते. दहा मिनिटं ती नुसती बघत होती. मग हळूच म्हणाली, "ताई, पप्पांच्या कंपनीच्या डायरीवर एक शब्द असतो. क्वालिटी अँड वर्कमनशिप." मी फळ्यावर लिहिला: डब्ल्यू-ओ-आर-के-एम-ए-एन-एस-एच-आय-पी. मग खडूनं एकेक अक्षर गोल करत गेले. एन आहे. ए आहे. एस, एच, आय. के. सहाही.

त्या दिवशी आम्हा सगळ्यांना तो तुकडा दिसला: मॅनशिप. एम-ए-एन-एस-एच-आय-पी. नाशिकमधली पाच अक्षरं त्यात आयती बसलेली आहेत, के तेवढा आणायचा. मग धबधबा सुरू झाला. मार्क्समनशिप, म्हणजे नेमबाजी, बारा अक्षरं. ब्रिंकमनशिप, म्हणजे कडेलोटाच्या टोकापर्यंत ताणून धरण्याचं राजकारण. हा शब्द शीतयुद्धाच्या काळात, १९५० च्या दशकात रुळला. त्याचंच ब्रिंक्समनशिप हे रूप घेतलं तर अक्षरं तेरा होतात. क्राफ्ट्समनशिपमध्ये मात्र के नाही. मोहात पडून ते लिहिणारं कुणीतरी दर वेळी निघतंच.

दुसऱ्या वाटेनंही जाता येतं. आय आणि एन दिसले की आय-एन-जी ही शेपटी मनात यावी. मग शेकिंग समोरच आहे: नाशिकची सहा अक्षरं आणि एक जी, बस. जुनं स्पेलिंग एच नसलेलं होतं. त्यात जी मिळवला तर आस्किंग होतो. हे दोन शब्द लहान मुलांना फार आवडतात. थँक्सगिव्हिंग बारा अक्षरांचा, हाउसब्रेकिंग, म्हणजे घरफोडी, तेरा. श्रिंकेज नऊच अक्षरांचा, पण कापडाच्या दुकानात रोज ऐकू येतो आणि तरी कुणाला पटकन आठवत नाही.

मग नाशिकचा सर्वांत लांब शब्द कोणता निघाला?

आमच्या फळ्यावर आजवर टिकलेला शब्द आहे काइनेस्थेटिकली, पंधरा अक्षरं. शरीराच्या हालचालीच्या जाणिवेतून शिकणं-समजणं या अर्थाच्या विशेषणाचं क्रियाविशेषण. यात ए कुठून आला ते बघा: शेवटच्या ए-एल-एल-वाय या शेपटीतून. एका मुलानं हीच शेपटी सायकोकायनेटिकला लावून सतरा अक्षरं केली. मूळ विशेषण आमच्या कोशात होतं, शेपटी लावलेलं रूप नव्हतं, म्हणून गुण दिले नाहीत. तो नाराज झाला. पण नियम आधी ठरलेला होता आणि तो मी कुणासाठीही वाकवत नाही.

कोणत्या शेपट्या आणि कोणती डोकी लक्षात ठेवायची?

मराठीत आपण हे रोज करतो. शहाणा, शहाणपण, अतिशहाणपणा. माणूस, माणुसकी. गुलाम, गुलामगिरी. इंग्रजीतही तसंच. टी-आय-ओ-एन ही शेपटी सर्वांत उपयोगी, कारण एका फटक्यात चार अक्षरं खपतात. मग एन-ई-एस-एस, एम-ई-एन-टी, आय-एन-जी, एल-वाय, ओ-एल-ओ-जी-वाय. पुढच्या बाजूला यू-एन, डी-आय-एस, आय-एन-टी-ई-आर, एस-यू-पी-ई-आर, सी-ओ-यू-एन-टी-ई-आर.

एका शेपटीबद्दल जरा जास्त बोलते: ए-बी-एल-ई. हिच्या पोटात आणखी एक शेपटी दडलेली असते, कारण एबलचं ॲबिलिटी होतं. त्र्यंबकच्या अक्षरांनी आम्हाला दोन रविवार छळलं होतं. टी-आर-आय-एम-बी-ए-के. के आणि बी एकाच शब्दात, शिवाय एम. कुणाला ब्रेक सुचत होता, कुणाला मेकर. शेवटी एका बाबांना मार्केट सुचला. भाजीचा व्यापार, त्यामुळे शब्द रोजच्या तोंडातला. एम, ए, आर, के, टी आले. उरले बी आणि आय. मार्केटेबल केलं, बी आला. मार्केटॅबिलिटी केलं, आयही आला. तेरा अक्षरं. तो शब्द कोणी एका उडीत गाठला नाही; पायऱ्या चढत गेला, आणि प्रत्येक पायरीवर उरलेल्या अक्षरांची संख्या कमी होत गेली. लांब शब्द असाच चढायचा असतो.

घरी सरावासाठी अक्षरं कुठून आणायची?

जिल्ह्याच्या नकाशातून आणा. रामकुंडाच्या सात अक्षरांत एक ई मिळवला की अनमार्क्ड होतो, आणि अनरिमार्क्डला दहा अक्षरं मिळतात. सातपूरमध्ये ई मिळवला की पाश्चर, म्हणजे कुरण. जिथे आज कारखान्यांच्या शेड आहेत त्या नावात कुरण निघतं याचं मला दर वेळी नवल वाटतं. लांब हवा असेल तर सुपरनॅचरल घ्या. निफाडला (स्पेलिंग पी-एचनं) गार्डियनशिप. सिडकोत सी दोनदा आहे, म्हणून काँट्रॅडिक्शन. इगतपुरीत आय दोनदा आणि शिवाय जी आणि पी दोन्ही; त्याला प्रीफिगरेशन, तेरा अक्षरं, किंवा व्हिट्युपरेटिंग, म्हणजे शिव्यांची लाखोली वाहणं.

सिन्नर, येवला, चांदवड, दिंडोरी मी मुद्दाम सोडते. ती तुमच्यासाठी.

क्यू, झेड, एक्स, जे आले की काय करायचं?

घाबरायचं नाही, अवघड अक्षर म्हणजे चांगला मदतनीस. ई दिला तर लाखभर शब्द समोर उभे राहतात, क्यू दिला तर मोजकेच. स्क्रॅबलचा खेळ १९३० च्या दशकात अल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदानं तयार केला, तेव्हा वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून त्यानं सोंगट्या ठरवल्या. शंभरात ई बारा, ए आणि आय नऊ-नऊ. के, जे, एक्स, क्यू, झेड एकेकच. क्यू आणि झेडला दहा गुण, जे आणि एक्सला आठ, केला पाच. मोर्सच्या तारायंत्राच्या लिपीतही हाच हिशेब: सर्वांत जास्त लागणाऱ्या ईला फक्त एक टिंब, टीला एक रेघ.

क्यूच्या मागे बहुधा यू असतो, म्हणून आधी यूची सोय लावा. यू नसेल तर आपल्या बाजूला वळा: कव्वाली, फकीर, निकाब हे शब्द इंग्रजी कोशांत क्यूनं लिहिलेले सापडतात. जे शब्दाच्या शेवटी इंग्रजीत जवळजवळ येत नाही, पण राज आणि हज आहेत. झेडला आय-झेड-ई आणि त्यापुढचं आय-झेड-ए-टी-आय-ओ-एन. आपल्याकडे शाळेत एस शिकवतात, पण ऑक्सफर्डचे कोश झेडलाच पसंती देतात. एक्सला ई-एक्स, ओ-एक्स-वाय, किंवा हेक्सा. एमएच आणि ई-एक्सची प्लेट आली होती, तेव्हा एकानं हेक्झॅमिटर सांगितला आणि दुसऱ्यानं एक्झ्युमेशन, म्हणजे पुरलेलं प्रेत उकरून काढणं. लांब दुसरा होता, एका अक्षरानं.

पाचही स्वर असलेला शब्द शाळेत विचारतात. तो कसा शोधायचा?

एज्युकेशन. नऊ अक्षरं, पाचही स्वर एकेकदाच. सर्वांत छोट्यांपैकी एक सिक्वोया, म्हणजे कॅलिफोर्नियातला तो प्रचंड वृक्ष, सातच अक्षरं. स्वर ए-ई-आय-ओ-यू याच क्रमानं हवे असतील तर फसीशस: एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस. उलट्या क्रमानं हवे असतील तर सबकाँटिनेंटल: यू, ओ, आय, ई, ए. उपखंडातल्या माणसानं हा शब्द तरी विसरू नये.

स्वर अजिबातच नकोत म्हटलं तर रिदम, त्यात वाय स्वराचं काम करतो. आणि सलग सहा व्यंजनं बघायची असतील तर कॅचफ्रेज लिहून बघा: टी-सी-एच-पी-एच-आर.

तो पंचेचाळीस अक्षरांचा शब्द सांगितला तर मी दर वेळी जिंकेन ना?

न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म सिलिका धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार, असा त्याचा अर्थ. १९३५ च्या सुमारास तो मुद्दाम लांबलचक म्हणून घडवला गेला आणि पुढे कोशांत गेला. पाठ करा, जरूर करा, उच्चार सुधारतो. पण जिंकायला तो कमी पडतो. त्यातली वेगवेगळी अक्षरं मोजा: चौदाच निघतील. बी नाही, डी नाही, जी नाही, एच नाही, के नाही. म्हणजे नाशिकला तो चालणार नाही आणि गोदावरीलाही नाही.

याच्या उलट अनकॉपिराइटेबल. पंधरा अक्षरं आणि पंधराही वेगळी, एकही परत येत नाही. डर्मॅटोग्लिफिक्स, म्हणजे बोटांच्या ठशांचा अभ्यास, हाही तसाच. मी मुलांना सांगते की लांबी बघा, पण शब्दात किती वेगवेगळी अक्षरं सामावली आहेत तेही बघा. आमच्या खेळात तीच कामाला येतात.

आमची मुलं मराठी माध्यमाची आहेत. त्यांना जमेल का?

हा प्रश्न पालक हळू आवाजात, मुलाला बाजूला पाठवून विचारतात. जमतं. वर्कमनशिप कुणी काढला ते वर लिहिलंच आहे.

अडचण एकच असते आणि ती मराठीच्या चांगुलपणातून येते. आपण बहुतांशी जसं बोलतो तसं लिहितो, म्हणून ऐकू न येणारं अक्षर आपल्या मनात राहत नाही. इंग्रजीत नेमकी तीच अक्षरं खजिना असतात. नाइटमधला के, सायकॉलॉजीमधला पी, रिस्टमधला डब्ल्यू. आम्ही त्यासाठी वेगळी वही ठेवतो. नाव 'मुकी अक्षरं'. त्या वहीतूनच एकदा हँकरचीफ निघाला. मुलगा डी लिहायचं विसरत होता, म्हणून दहा वेळा लिहून काढत होता: एच-ए-एन-डी-के-ई-आर-सी-एच-आय-ई-एफ. सहाव्या-सातव्या वेळी थांबला आणि ओरडला, "ताई, याला एस लावला तर आख्खं नाशिक आहे!" रुमालाचं अनेकवचन, तेरा अक्षरं. ती वही त्यानं अजून जपून ठेवली आहे.

अनेकवचन चालतं का? विशेषनामं? जोडरेघेचे शब्द?

अनेकवचन चालतं, विशेषनाम नाही, जोडरेघ नाही. थँक्सगिव्हिंग सणाचं नाव म्हणून मोठ्या अक्षरानं लिहितात, पण 'आभार मानणं' या साध्या अर्थानंही तो कोशात आहे, म्हणून आम्ही धरतो. तुमचे नियम वेगळे असू द्यात, फक्त आधी ठरवा आणि कोश एकच ठेवा.

कोश छापील असावा असं माझं ठाम मत आहे. दोन वर्षांपूर्वी एका मोबाईल ॲपवर विश्वास ठेवून मी एका मुलीचा बरोबर शब्द बाद केला आणि दुसऱ्याचा नसलेला शब्द धरला. घरी येऊन जाड कोश उघडला तेव्हा कळलं. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, पण तिचा त्या दिवशीचा चेहरा मला अजून आठवतो. घरी मोठा कोश नसेल तर सावानाचा रस्ता धरा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. मुलांनी तिथे निदान एकदा तरी पाऊल टाकावं.

अर्थ माहीत नसताना शब्द सांगितला तर?

अर्धे गुण. कोशात अर्थ बघून, वाक्यात वापरून दाखवला की पूर्ण.

संगणकावर हे कसं करतात?

चाळण्या लावून. आधी शब्दांची एक साधी यादी हवी, एका ओळीत एक शब्द. एनेबल नावाची फुकट यादी मिळते, तिच्यात १ लाख ७० हजारांहून अधिक शब्द आहेत. लिनक्सच्या बऱ्याच संगणकांवर तर डिक्ट नावाच्या फोल्डरमध्ये वर्ड्स ही फाइल आधीच असते.

एक्सेल येत असेल तर यादी पहिल्या रकान्यात टाका. शेजारी प्रत्येक अक्षरासाठी एक रकाना करा आणि काउंटइफ या सूत्रात अक्षराच्या दोन्ही बाजूंना तारका द्या. अक्षर शब्दात कुठेही असलं की उत्तर एक येतं, नसलं की शून्य. सगळे रकाने एक असलेल्या ओळी गाळून घ्या, लेन या सूत्रानं लांबी काढा आणि मोठ्याकडून लहानाकडे लावा. गोदावरीसारखं अक्षर दोनदा हवं असेल तर सब्स्टिट्यूटनं ते अक्षर पुसा आणि लांबी कितीनं घटली ते बघा. दोननं किंवा जास्त घटली तर शब्द चालेल. सब्स्टिट्यूट लहान-मोठी लिपी वेगळी मानतं, म्हणून सगळी यादी आधी लहान लिपीत करून घ्या. इथे खूप जण अडकतात.

लिनक्सवर ग्रेप ही आज्ञा याहून सोपी. एका ग्रेपनं के असलेले शब्द घ्यायचे, ते पाइपनं दुसऱ्या ग्रेपला द्यायचे, तिथे एच, मग पुढे. दुर्मीळ अक्षराची चाळणी आधी लावली की पुढच्या चाळण्यांना काम कमी उरतं. माणसाच्या डोक्यालाही तोच नियम लागू होतो हे वर पाहिलंच. क्रम पाळायचा असेल तर एकाच ग्रेपमध्ये अक्षरांच्या मधे टिंब आणि तारका लिहा: 'मध्ये काहीही चालेल' असा त्याचा अर्थ.

प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलांसाठी आणखी एक देखणी युक्ती आहे. सव्वीस दिव्यांची माळ कल्पा, प्रत्येक अक्षराचा एक दिवा. शब्दात जी अक्षरं आहेत ते दिवे लागलेले, बाकीचे विझलेले. प्रत्येक शब्दासाठी ही माळ एका संख्येत साठवता येते. नाशिकचीही अशीच माळ करायची, सहा दिवे लागलेली. आता दोन माळा एकमेकींवर ठेवून 'अँड' ही एकच क्रिया केली आणि नाशिकचे सहाही दिवे टिकले, तर शब्द बरोबर. अक्षर अक्षर तपासायची गरजच नाही. लाखभर शब्द डोळ्याचं पातं लवायच्या आत तपासून होतात. फक्त अक्षर दोनदा आहे की एकदा हे दिव्यांना कळत नाही, ते वेगळं मोजावं लागतं.

आमच्याकडे संगणक वेळ संपल्यावरच उघडतो, काय सुटलं ते बघायला.

नाशिक जिल्ह्यानं इंग्रजी कोशाला एखादा शब्द दिला आहे का?

दिला आहे: डूलाली. डी-ओ-ओ-एल-ए-एल-एल-वाय. ब्रिटिश बोलीत 'डोक्यावर परिणाम झालेला' असा त्याचा अर्थ आणि तो आपल्या देवळालीवरून आला. तिथल्या लष्करी छावणीत मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत दिवसेंदिवस पडून असायचे. उकाडा, रिकामपण, हिवताप. पुढे 'डूलाली टॅप' असं म्हणू लागले, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

हे कळल्यावर मुलांनी लगेच देवळालीची अक्षरं फळ्यावर मागितली: डी-ई-ओ-एल-ए-एल-आय, एल दोनदा. पहिलं उत्तर अर्थातच डूलाली आलं. तपासलं तर त्यात ई नाही आणि आयही नाही, त्यामुळे देवळालीचाच शब्द देवळालीला चालला नाही. त्या दिवशी पिरिऑडिकली जिंकला, बारा अक्षरांनी.